कॉफीने बीपी वाढतं म्हणजे नेमकं किती, कुणाचं आणि किती वेळ?

सड्यावरचा (राजापूर)

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय ७१. गावातल्या तपासणी शिबिरात त्यांचं बीपी १५६/९२ आलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "चहा की कॉफी?" उत्तर ऐकलं आणि कॉफी बंद करायला सांगितलं. आता अण्णांची अर्धी नोकरी मंगळुरात झालेली, येताना पितळेचा फिल्टर घेऊनच आले. सकाळी एक आणि दुपारी चारला एक, दोनच कप, पण डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) चांगलं दाट. रात्री बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ ची गोळी चालू आहे.

घरात सरळ दोन तट पडलेत. आई म्हणते फिल्टर माळ्यावर टाका. अण्णा म्हणतात, इतकी वर्षं पितोय तेव्हा काही झालं नाही, आताच कसं होईल? मला दोघांचंही पटतं, म्हणजे मला काहीच कळत नाही. कॉफीने रक्तवाहिन्या आकसतात हे खरं का? खरं असेल तर बीपी किती वाढतं आणि ते वाढलेलंच राहतं का? "माझ्या काकांना काही झालं नाही" याच्या पलीकडचं सांगू शकणारं कुणी असेल तर लिहा.

गजाली_मालवण

काका नाय, माझी आजी चलात काय? ९१ वर्सांची. पहाटे उठान चुलीवर कोरी च्या, दोपारी परत, सांजेक परत. तिचा बीपी अजून कोणी मोजलानच नाय. कॉफी म्हटल्यार म्हणता, "ता दुखणेकऱ्याक देतत ता मां?"

(धाग्याक शुभेच्छा, माका पण वाचूचा आसा.)

औषधवाला (चिपळूण)

औषधांच्या काउंटरवर हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण जागे असतो तेव्हा पेशी ऊर्जा वापरत असतात आणि त्यातून अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. मेंदूत तो झोप आणतो. रक्तवाहिन्यांवर तो आपल्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर) बसला की वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. कॅफिनचा रेणू दिसायला अ‍ॅडिनोसिनच्या जवळचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात ना, तेवढंच काम तो करतो: जागा अडवतो, स्वतः बसून काही करत नाही. अ‍ॅडिनोसिन येतं आणि उभंच राहतं. सैल होण्याचा निरोप पोचत नाही म्हणून वाहिनी थोडी आवळलेली राहते.

दुसरा मार्ग अ‍ॅड्रिनलिनचा. धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेवरचा (सिम्पथेटिक) अ‍ॅडिनोसिनचा लगाम सुटला की अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन जास्त सुटतात. बारीक धमन्या आकसतात, प्रवाहाला अडसर वाढतो, बीपी चढतं. नाडी मात्र फार वाढत नाही, कधी कधी सुरुवातीला किंचित कमीच होते. "छाती धडधडली नाही म्हणजे बीपी वाढलं नाही" हा समज इथेच फसतो.

एक उलटी गंमत मूत्रपिंडात आहे. तिथे अ‍ॅडिनोसिन आत जाणारी बारीक धमनी रुंद न करता आकसवतं. कॅफिनने ते अडवलं की तिथला प्रवाह सुटतो, लघवी जास्त होते आणि तिच्याबरोबर थोडं मीठही जातं. एकाच रेणूने शरीरात दोन ठिकाणी दोन टोकांची कामं केली.

अवांतर: अ‍ॅड्रिनलिनमुळे रक्तवाहिन्या आवळल्या तर काय होतं हे कोकणाला कुणी शिकवायला नको. लाल विंचू चावल्यावर हेच वादळ उठतं, अर्थात कित्येक पटींनी मोठं, आणि माणूस हृदय थकून जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात त्यावर प्राझोसिन वापरून दाखवलं. ते औषध त्याच आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कॉफीचा परिणाम त्याच दिशेचा, पण चिमटीएवढा.

कातळ

मस्त लिहिलंय. पण मग शिबिरातले डॉक्टर बरोबरच म्हणायचे की. आवळतात तर आवळतात, बंद करा. "चिमटीएवढा" म्हणजे किती ते आकड्यात सांगा.

औषधवाला

सांगतो. आकडे ऐकताना दोन माणसं वेगळी धरा: कॉफीची सवय नसलेला आणि रोजचा पिणारा.

सवय नसलेल्यांवरचा गाजलेला प्रयोग १९७८ चा, अमेरिकेत डेव्हिड रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी केला. कॉफी न पिणाऱ्या ९ निरोगी तरुणांना २५० मिलिग्रॅम कॅफिन एकदम दिलं. तासाभरात बीपी सरासरी १४/१० ने वर गेलं, अ‍ॅड्रिनलिन तिपटीच्या आसपास पोचलं. हा आकडा ऐकला की कुणीही घाबरेल. पण त्याच गटाने पुढे १९८१ मध्ये तोच डोस दिवसातून तीनदा, सलग आठवडाभर देऊन पाहिला, तर एक ते चार दिवसांतच शरीराला सवय लागली आणि बीपीची चढ जवळजवळ निघून गेली.

ज्यांना आधीच उच्च रक्तदाब आहे त्यांच्यावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद स्पेनमध्ये झाली, २०११ मध्ये छापली. २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनने वरचा आकडा सरासरी ८.१ आणि खालचा ५.७ ने वाढला. वाढ पहिल्या तासात दिसली आणि तीन तासांपर्यंत टिकली. तिथेच पुढे म्हटलंय की रोज कॉफी पिण्याने दीर्घकाळात बीपी वाढलेलं राहतं असा पुरावा मिळाला नाही.

तिसरा अभ्यास १,५५,५९४ अमेरिकन परिचारिकांवरचा, २००५ चा. १२ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. नेहमीच्या कॉफीचा उच्च रक्तदाबाशी संबंध दिसला नाही. कोलाचा दिसला.

आणखी एक, कारण हे लोकांना पटत नाही. कॅफिनची गोळी आणि कॉफीचा कप एकच नाही. २००५ च्या एका एकत्रित अभ्यासात नियमित कॅफिनच्या गोळ्यांनी वरचा आकडा ४ च्या आसपास वाढला, कॉफीने जेमतेम १.२. कॉफीत कॅफिनशिवाय क्लोरोजेनिक आम्लं वगैरे पुष्कळ काही असतं, आणि ती वाहिन्यांना सैल ठेवायला मदत करतात असं दिसतं.

माझं मत विचाराल तर: रोज पिणाऱ्या अण्णांचं १५६ केवळ कॉफीच्या नावावर घालणं मला पटत नाही. त्यातला थोडा भाग कॉफीचा असेल. बाकीचा शोधायला हवा.

निवृत्त_सिस्टर (दापोली)

बाकीचा मी शोधून देते. सड्यावरचा, शिबिर कुठे होतं आणि अण्णा तिथे कसे गेले?

सड्यावरचा

सिस्टर, शाळेत होतं. आमच्याकडून शाळेत जायचं म्हणजे पाखाडी चढूनच. रांग असेल म्हणून उपाशी नको म्हणत कॉफी पिऊन निघाले. तिथे गेल्यावर लगेच नंबर लागला. मोजताना बाजूच्या बाकावरचे त्यांच्या वेळचे एक गुरुजी त्यांच्याशी बोलत होते.

निवृत्त_सिस्टर (दापोली)

घ्या! चढ, कॉफी, गप्पा आणि बहुतेक भरलेलं मूत्राशय. यातल्या प्रत्येकाने आकडा वर जातो. शिबिरात दोनशे माणसं रांगेत असतात, कुणाला दोष देत नाही, पण त्या आकड्यावर गोळी वाढवायची नसते आणि कॉफीही तोडायची नसते.

घरी मोजा. हाताला बसणारं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहा-कॉफी, नाश्ता, गोळी यांतलं काहीही घेण्याआधी पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडी घालून नको, पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर सारून तिचा फास दंडाला बसला तर तेही चूक. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट थांबा. संध्याकाळी परत तसंच. आठवडाभर लिहून काढा आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची.

आणि पट्ट्याचं माप बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर दिसतो. आपल्याकडच्या कित्येक बायकांना अशाने गोळ्या लागलेल्या मी पाहिल्यात.

कातळ

सिस्टर, एक शंका. सगळीकडे लिहिलेलं असतं की मोजण्याआधी ३० मिनिटं कॉफी नको. पण वर औषधवाल्यांनी सांगितलं, परिणाम तीन तास राहतो. मग ३० मिनिटांनी काय साधतं? उलट बरोबर चढणीवर असताना मोजाल.

निवृत्त_सिस्टर (दापोली)

शंका रास्त आहे. कॅफिन रक्तात सर्वात जास्त होतं ते साधारण अर्ध्या ते दोन तासांत. ३० मिनिटांचा नियम ही किमान अट आहे, कारण दवाखान्यात आलेल्याला "तीन तासांनी या" म्हणता येत नाही. म्हणून तर मी सकाळी काही घेण्याआधी मोजा म्हणते.

उलट याचाच उपयोग करून घ्या. कॉफी न घेता एकदा मोजा, मग नेहमीचा कप घ्या, बसूनच राहा, अर्ध्या तासाने आणि परत दोन तासांच्या आत मोजा. पाच-दहाने वर गेलं तर त्या माणसाला कॅफिन लागतं असं समजायचं. एका दिवसावर जाऊ नका, वेगवेगळ्या दिवशी करून बघा.

चाकरमानी (डोंबिवली / गुहागर)

अण्णांच्या शोधात मध्येच घुसतो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर फिरतंय की "रोज काळी कॉफी प्या, नसांमधला कचरा साफ होतो, ब्लॉकेज निघतं". आणि जिममधला एक जण व्यायामाआधी एनर्जी ड्रिंकचे दोन डबे पितो. दोन्हींवर बोला.

औषधवाला

कचरा साफ होत नाही. धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी भिंतीच्या आत असते, नळाच्या तोंडाशी अडकलेली नसते. काही प्यायलं आणि वाहून गेलं असं होत नाही.

पण त्या थापेत एक कण खरा आहे. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने वाहिनी सैल होते. जपानमध्ये २००६ साली निरोगी तरुणांना ३०० मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर हाताच्या वाहिन्यांची ही सैल होण्याची क्षमता वाढलेली दिसली. त्याच लोकांचं बीपीही वाढलं होतं! आणि त्याच्या आदल्या वर्षी ग्रीसमध्ये झालेल्या प्रयोगात एका कप कॉफीनंतर दंडाच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता काही वेळ कमी झालेली आढळली. म्हणजे अस्तरावरचा कॅफिनचा परिणाम सरळ रेषेत सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला मात्र सरळ रेषाच लागते.

एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा आहे. २५० मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. एक डबा म्हणजे एक मध्यम कप कॉफी, पण थंड आणि गोड असल्याने गटागट जातो. त्यात वर व्यायामाची पावडर घेत असेल तर तिच्या डब्यावर कॅफिन किती लिहिलंय ते वाचायला सांगा, तिथे खरा आकडा दडलेला असतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमची रेघ आखली. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत ३०० सांगितलंय.

माजघर

त्याच मार्गदर्शिकेतले कपाचे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, उपयोगी पडतील. १५० मिलीच्या कपात उकळून केलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट ५० ते ६५, चहा ३० ते ६५. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास दोन्ही टाळायला सांगितलंय, ते लोह शोषलं जावं म्हणून.

म्हणजे बघा, आमच्याकडे पाहुण्याला देतात ती दुधातली, जायफळ किसून घातलेली कॉफी, चमचाभर इन्स्टंट पावडरची, ती अण्णांच्या डिकॉक्शनच्या निम्मीच. शिवाय जायफळ झोपेचं म्हणून लहान मुलांना चाटवायचं आणि तेच कॉफीत घालायचं, ही युती कुणी जमवली असेल?

माझा प्रश्न वेगळा आहे. चतुर्थी-एकादशीला मी चहा सोडते आणि संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकतं की विचारू नका. सगळे म्हणतात पित्त. पित्तच का?

औषधवाला

उपाशी राहिल्याने पित्त होत असेलही, पण रोज चहा पिणाऱ्याचं डोकं नेमकं चहा सुटल्याच्या दिवशी दुखत असेल तर आधी कॅफिनवर संशय घ्या. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत दुखणं सुरू होतं, दुसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि काही दिवसांत आपोआप जातं.

कारण परत त्याच रक्तवाहिन्या. मेंदूच्या वाहिन्यांवर कॅफिनचा परिणाम सगळ्यात ठळक: २५० मिलिग्रॅमने मेंदूचा रक्तप्रवाह पाव हिश्श्याच्या आसपास घटतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याची भरपाई म्हणून अ‍ॅडिनोसिनचे रिसेप्टर वाढतात. मग एक दिवस कॅफिन आलंच नाही की अडवायला कुणी नाही, वाहिन्या रुंदावतात, प्रवाह उसळतो, डोकं ठणकतं. काही डोकेदुखीच्या गोळ्यांत कॅफिन घालतात ते याचसाठी. सॅरिडॉनच्या पाकिटावरचे घटक वाचा. ती घेतली की उपास तसा राहिला, कॅफिन मात्र पोटात गेलंच.

उपासाच्या आदल्या दोन-तीन दिवसांपासून कप हळूहळू लहान करत न्या. एकदम तोडू नका. हे अण्णांनाही लागू, उद्या खरंच सोडायची वेळ आली तर.

माजघर

"पाकिटावरचे घटक वाचा" वाचून उठले आणि खरंच बघितलं. आहे की कॅफिन! सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या गोळी उपासाला चालते. वाद संपला.

रातांबा (देवगड)

सगळा धागा वाचला. कॉफीवर एवढी खल चाललीय आणि मिठाचं नावही कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. आपण कोकणात राहतो ना?

पावसाची बेगमी आठवा. सुकट, सोडे, खारवलेला बांगडा, सुके बोंबील. खाराच्या पाण्यातल्या कैऱ्या. पापड, मिरगुंडं. पेजेसोबत लोणच्याची फोड, आणि फोड एवढी खारट की एका फोडीत वाटीभर पेज संपते. आगळ करतानाच त्यात मीठ घातलेलं असतं, मग सोलकढीत चवीला म्हणून परत घालतात. जेवताना ताटात डाव्या बाजूला मिठाची चिमूट वाढलेली असतेच, तिला हातही लावायचा नाही असं कुणाच्या घरी होतं सांगा.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. अमेरिकेतल्या २००१ च्या एका नावाजलेल्या प्रयोगात लोकांना तेच जेवण दिलं, फक्त मीठ जास्तीवरून कमीवर आणलं, तर वरचा आकडा सरासरी ६.७ ने उतरला. आणि हा उतार मीठ कमी आहे तोवर राहतो. कॉफीची चढ दुपारपर्यंत गेलेली असते, खाऱ्या बांगड्याची तशी जात नाही. जास्तीच्या मिठामागे शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांत भरती वाढते, आणि वय झालेल्या ताठ वाहिन्यांना ती पेलत नाही.

आईने फिल्टर माळ्यावर टाकण्याआधी लोणच्याची बरणी कुठे आहे ते बघावं. स्पष्ट बोललो, राग नसावा.

गजाली_मालवण

खाऱ्या बांगड्याक हात लावशाल तर बघा!! कॉफी काय, हवी तर उद्या बंद करतंव.

रातांबा (देवगड)

बंद कर म्हणतच नाही रे. रात्रभर पाण्यात टाक, दोनदा पाणी बदल, आणि मग कालवणात वेगळं मीठ घालू नको. मी तसंच खातो.

कातळ

मिठाचं मान्य, पण कॉफीला एवढं निर्दोष सोडू नका. जपानमधला २०२२ साली छापलेला अभ्यास बघा, १८,६०० वर लोक, १९ वर्षांच्या आसपास पाठपुरावा. ज्यांचं बीपी १६०/१०० किंवा त्याहून जास्त होतं आणि जे दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी प्यायचे, त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघाताने मरण्याचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. एक कपवाल्यांत तसं दिसलं नाही. ग्रीन टी पिणाऱ्यांतही नाही. अण्णांचं शिबिरातलं १५६ खरंच असेल तर ते या रेघेपासून चार पावलांवर आहेत.

औषधवाला

योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे कॉफीनेच मेले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण १६०/१०० च्या वर असलेल्या माणसाला मीही एका कपावर या असंच सांगतो, बीपी आटोक्यात येईपर्यंत.

प्रत्येकाचं यकृतही वेगळं. कॅफिनचा निचरा करणारं एंझाइम काहींत जन्मतःच संथ असतं. सरासरीने निम्मं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. इटलीत सौम्य रक्तदाब असलेल्या तरुणांवर झालेल्या अभ्यासात कॉफीने बीपी वाढण्याचा धोका मुख्यतः संथ निचरावाल्यांत दिसला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात निचरा जवळजवळ दुप्पट वेगाने होतो. म्हणून कुणी बिडी सोडली आणि कॉफी तेवढीच ठेवली, तर महिनाभर हात थरथरतात, झोप जाते आणि तो म्हणतो "बिडी सोडून तब्येत बिघडली". कॉफी निम्मी करा, बिडीकडे परत जाऊ नका.

पडवी

माझ्या वहिनीला सातवा महिना चालू आहे, बीपी थोडं वर आहे. ती चहा तीन-चार वेळा घेते. चहाला काही नाही ना?

निवृत्त_सिस्टर (दापोली)

चहातही कॅफिन आहे, वर माजघर यांनी आकडे दिलेत. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायचं. शेवटच्या तिमाहीत तर निचरा इतका मंदावतो की निम्मं उतरायला १५ तासही लागतात, म्हणजे सकाळचा चहा रात्री अंगात असतो. दोन लहान कपांवर आणा, बाकी वेळ गवती चहाची पात उकळून द्या, नुसती, चहा पावडर न घालता.

पण पडवी, सातव्या महिन्यात बीपी "थोडं वर" हा चहाचा विषयच नाही. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, चेहरा-हात सुजणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. लघवीतली प्रथिनं तपासलीत का? नसतील तर उद्याच. धाग्यावर थांबू नका.

पडवी

उद्या सकाळीच नेतो. धन्यवाद सिस्टर.

सड्यावरचा

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरी मोजलं. सकाळी कॉफीआधीची सरासरी १३८/८४. कॉफीनंतर तासाभराने १४२, १४४ असं कुठेतरी. म्हणजे कॉफी चार-सहाने वाढवते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आकडा मूळ जागी येतो. डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले गोळी तीच राहू दे, मीठ कमी करा, महिन्याने वही घेऊन या. कॉफीबद्दल म्हणाले दोनच्या वर नको, आणि चारची कॉफी जमलं तर लवकर घ्या, झोप बिघडली की बीपी वेगळंच चढतं.

रातांबा, बरणीचं आईला सांगितलं. ती तुमच्याशी बोलणार नाही.

आता नवीन मुद्दा. अण्णांचं कोलेस्टेरॉलही काठावर आहे आणि कुणीतरी म्हणालं फिल्टर कॉफीने ते वाढतं. हे आणखी काय?

औषधवाला

यात तथ्य आहे, पण फिल्टर म्हणजे कुठला ते पाहावं लागतं. कॉफीच्या बियांच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणीत तो अडकतो. उकळून न गाळलेल्या कॉफीत भरपूर उतरतो. अण्णांच्या पितळी फिल्टरची भोकं धातूची, तेल त्यातून बरंचसं खाली येतं. इन्स्टंटमध्ये नावापुरताच असतो. दोन कपांत फार मोठा फरक पडेल असं नाही, पण काठावरच्या माणसाने डिकॉक्शन एकदा कागदी गाळणीतून ओतून घेतलं तर चांगलं. चव थोडी हलकी होते, आधीच सांगतो.

पावडरच्या पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) किती टक्के आहे तेही बघा. मिश्रणात कॉफी निम्म्याहून थोडी जास्त, ५१ टक्के, असली तरी नियमाला चालते, बाकी चिकोरी. चिकोरीत कॅफिन नसतं. उलट बी रोबस्टा जातीचं असेल तर अरेबिका जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन. "दोनच कप" या शब्दांत किती काय बसतं बघा.

सड्यावरचा

पाकीट पाहिलं. चिकोरी ४० टक्के. अण्णांना वाचून दाखवलं तर ते चिडले, "म्हणजे इतकी वर्षं मला निम्मी मुळं पाजलीत?" उद्यापासून शुद्ध कॉफीच आणायची म्हणतायत.

निवृत्त_सिस्टर (दापोली)

आणू नका! मुळंच बरी.

चाकरमानी (डोंबिवली / गुहागर)

शेवटचं विचारतो. माझ्या सासऱ्यांची हृदयाची स्ट्रेस टेस्ट ठरलीय, पळवायची नाही, इंजेक्शन देऊन करायची. कागदावर "२४ तास चहा-कॉफी नको" लिहिलंय. त्यांचं म्हणणं एक कप काय होतो.

औषधवाला

होतो. त्या तपासणीत बहुतेकदा अ‍ॅडिनोसिन किंवा त्याच जातीचं औषध शिरेतून देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या मुद्दाम रुंदावतात, म्हणजे ज्या फांदीत अडथळा आहे ती मागे पडते आणि फोटोत दिसते. कपभर कॅफिन अंगात असेल तर वाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत आणि अडथळा असूनही तपासणी चांगली येऊ शकते. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, डोकेदुखीची गोळी, सगळं बंद. आणि चुकून प्यायले तर लपवू नका, तिथे सांगा, ते तारीख बदलून देतील.